बादलीला कोणीही हात लावला नव्हता

आधी चूक दुरुस्त करते. आपल्या फिरत्या अल्बमच्या मागच्या फेरीत मी गंगापूर धरणाच्या सहलीचा वृत्तान्त लिहिला होता. त्याच्या शेवटी, काही कारण नसताना, भिवंडीच्या नसरीनच्या फोटोवर दोन ओळी खरडल्या होत्या. 'बादलीतल्या पाण्यावरची वर्तुळं बादलीला धक्का देऊन आणलेली दिसतात. ही करामत झाली, प्रतिबिंब नव्हे.' हे चुकीचं आहे. बादलीला कोणीही हात लावला नव्हता. त्याच ओट्यावर बसून, तीच बादली डोळ्यांनी बघून मी परत आले आहे.

नव्या सभासदांसाठी थोडं सांगते. निरनिराळ्या गावांतले आपण काही जण फोटो काढतो, एका जाड अल्बमात चिकटवतो आणि तो अल्बम पोस्टाने एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. विषय एकच. पाण्यात, काचेत, भांड्याच्या बुडावर, जिथे मिळेल तिथे उमटलेलं आपलं रोजचं जग. थट्टामस्करी चालते. प्रत्येकाने इतरांच्या फोटोखाली दोन शब्द लिहायचे आणि जमलं तर एखाद्या प्रवासाची हकीकत जोडायची, म्हणजे दुसऱ्या कोणाला तिकडे जायचं झालं तर उपयोग होतो. हा अल्बम माझ्या इंदूआत्याने सुरू केला.

मागच्या फेरीत नसरीनचा तो फोटो आला. बादलीतल्या पाण्यात तिच्या वडिलांचं हसरं तोंड, आणि त्यावर एकात एक अशी बारीक वर्तुळं, जणू हसू तोंडावरून निघून कडेपर्यंत पसरत गेलंय. त्याखाली सभासदांनी इतकं लिहिलं की जागा संपली. मग लोकांनी अल्बम आडवा धरून समासात लिहिलं. समोरच्या पानावर माझा गंगापूरचा फोटो होता. झाडं सरळ, पाणी सपाट, क्षितिज फूटपट्टीने आखल्यासारखं. त्याखाली आत्याच्या अक्षरात एकच शब्द होता. 'स्वच्छ.'

आत्याबद्दल सांगायला हवं. लहानपणी मला दम्याचा त्रास होता, म्हणून चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. आत्याने घरीच शिकवलं. अक्षरं, पाढे, आणि तिच्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यातून बघायला. हा कॅमेरा पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि विहिरीत डोकावल्यासारखं खाली बघायचं. खालच्या काचेवर समोरचं जग उजव्याचं डावं होऊन दिसतं. तिचा एक नियम मला अजून सोडवत नाही. जे दिसलं ते आधी लिहायचं, जे वाटलं ते खाली, वेगळ्या ओळीत.

आता आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ती काच तिला धुरकट दिसते. दिवाळीनंतर एका दुपारी तिने कॅमेरा माझ्यापुढे ठेवला.

"हा आता कोणाला तरी द्यायला हवा," ती म्हणाली. "तुला, नाहीतर त्या भिवंडीच्या मुलीला."

मी कॅमेऱ्याचा पट्टा सरळ केला.

"तू भिवंडीला जा. कॅमेरा बरोबर ने. तिचं काम बघ आणि तूच ठरव."

"मी कसं ठरवणार, आत्या? मला तो हवाय."

"ठाऊक आहे. म्हणून तर तुला सांगतेय. तू लिहिताना खोटं लिहीत नाहीस."

असं बांधून टाकलं तिने मला.

जाणाऱ्यांसाठी: नाशिकहून ठाण्याकडे जाणारी कुठलीही एसटी चालते. पण चढण्याआधी कंडक्टरला विचारून घ्या, गाडी भिवंडी स्टँडात शिरते की बाहेरच्या हायवेनेच निघून जाते. मी विचारलं, तरी इगतपुरीला पुन्हा विचारलं आणि शहापूरला तिसऱ्यांदा. "ताई, तुम्हाला मांडीवर बसवून उतरवू का आता?" असं कंडक्टर म्हणाला आणि अख्खी गाडी हसली. कसाऱ्याचा घाट बघायचा असेल तर खिडकी धरा. मी बघितला नाही. कॅमेरा साडीत गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवला होता, पिशवी मांडीवर होती, आणि प्रत्येक वळणाला मी तिच्यावर पालथी पडत होते.

स्टँडपासून नसरीनच्या वस्तीला, नारपोलीला, रिक्षा लागते. भाडं आधी ठरवा, चार पावलं पुढे चालून गेलात की कमी होतं. नारपोली जवळ आली की रिक्षाच्या आवाजापेक्षा मोठा आवाज सुरू होतो. दोन्ही बाजूंना लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने, त्यांना लागून घरं, घरांना लागून पुन्हा कारखाने. खट्‌खट्‌ खट्‌खट्‌, एकसुरी, कुठून येतो ते कळत नाही. थोड्या वेळाने तो आपल्याच छातीतून येतोय असं वाटायला लागतं.

नसरीन दारातच उभी होती. मी मनात एक अबोल, लाजरी मुलगी रंगवली होती. ही उंच, बडबडी, बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला, आणि तिच्या ओढणीला फोटो धुण्याच्या औषधाचे डाग. घर जुन्या कोकणी मुसलमानांचं. वडिलांचे स्वतःचे लूम, घराला खेटूनच.

"आलीस? नाशिकची सुलभा म्हणजे चष्मा असणार, हे मी अम्मीला सांगितलंच होतं!" ती ओरडून म्हणाली. तिथे सगळेच ओरडून बोलतात. भांडत नाहीत, फक्त बोलतात.

तिच्या अम्मीने मला ओट्यावर बसवलं. "बस गो. हातपाय धू, चाय घे. जेवणाची काळजी करू नको, तुझ्यासाठी नवं पातेलं काढलंय. वालाची उसळ नि तांदळाची भाकरी. खाशील ना?"

खाते म्हणाले. चहा आला. मी कप हातात घेणार तेवढ्यात बशीकडे लक्ष गेलं. बशीत सांडलेल्या चहावर बारीक वर्तुळं होती. कोणी हात लावला नव्हता. मी बशी जमिनीवर ठेवली, वर्तुळं तशीच. ओट्याच्या कोपऱ्यात पत्र्याची बादली होती, काठोकाठ भरलेली. तिच्यातल्या आकाशावरही तीच वर्तुळं, कडेपासून मध्याकडे, मध्यापासून कडेकडे.

"लूम चालतात ना," माझी नजर बघून नसरीन म्हणाली. "सगळं घर हलतं. आमच्याकडे हंड्याखाली चिंध्या घालतात, नाहीतर झाकण रात्रभर ताशा वाजवतं."

त्या बादलीकडे बघत मी चहा प्यायले. दिसलं ते वर लिहिलं आहे. वाटलं ते असं: आनंद झाला. म्हणजे ही हुशारी नव्हे, हा तर पत्ता आहे! नारपोलीत जन्मली म्हणून हिला असा फोटो मिळाला. मी इथे जन्मले असते तर मलाही मिळाला असता. त्या रात्री खटखटाटातही मला छान झोप लागली.

दुसरा दिवस गुरुवार. सकाळी नसरीनने मला गल्ल्यांतून फिरवलं. तिचा कॅमेरा म्हणजे एक डबा. झाकण नीट लागत नाही, म्हणून त्यावर काळी चिकटपट्टी लावलेली. तो गळ्यात अडकवून ती चालत होती आणि दर दहा पावलांवर कोणीतरी हाक मारत होतं. नाक्यावरच्या चहाच्या टपरीच्या आत दोरी बांधली होती आणि दोरीला कपड्यांच्या चिमट्यांनी तिचे फोटो टांगले होते. चमच्यात लांबलेली नाकं. न्हाव्याच्या आरशात एकामागे एक वाट बघणारी गिऱ्हाईकं. राहनाळच्या गोदामापुढच्या ट्रकच्या आरशात झोपलेला ड्रायव्हर आणि त्याच आरशात त्याला उठवायला येणारा मुकादम. शिफ्ट संपवून आलेले कामगार चहा पिता पिता फोटो बघत होते आणि नसरीनला बाजी, म्हणजे ताई, म्हणत होते.

"बाजी, मेरा एक कान किधर गया?"

"चमचे में नहीं समाया, चाचा. आपके कान ही इतने बड़े हैं."

"अरे, तो कढ़ई में निकाल ना!"

टपरीभर हशा. टपरीवाला मला म्हणाला, "हिचा फोटो टांगला की लोक दुसरा कप मागवतात. तुमचे पण टांगू का, ताई? आणलेत का?"

आणले होते. पिशवीत होते. गंगापूरचं धरण, रामकुंड, सगळी स्वच्छ. "नाही आणले," असं म्हणाले. (हे खोटं बोलले. आत्या, मी लिहिताना खोटं लिहीत नाही असं तू म्हणाली होतीस, बोलताना नव्हे.)

आपले फोटो आपण पानावर नीट चिकटवतो आणि लोक शब्द मोजून लिहितात. हिच्या फोटोंकडे बोट दाखवून लोक हसतात, स्वतःला शोधतात, भांडतात. माझ्या फोटोत शोधायला कोणी नसतंच, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं आणि अजिबात आवडलं नाही.

म्हणून दुपारी मी सुचवलं, "जिथे लूम नाहीत अशा ठिकाणी जाऊ या." माझा हेतू सरळ होता. हलतं पाणी काढून घेतलं की हिच्याकडे काय उरतं ते बघायचं होतं.

"खारबावला जाऊ," ती लगेच म्हणाली. तिला काहीच संशय आला नाही, याचाही मला राग आला.

खारबावला भिवंडीहून एसटी जाते. गाड्या कमी आहेत, परतीची वेळ आधीच विचारून ठेवा. बरोबर पाणी आणि काहीतरी खायला घ्या. स्टेशनजवळ मिळालेली भजी गरम होती, पण भजी सोडून काही नव्हतं. भात कापून झाला होता, शेतं मोकळी होती, आणि गावात शिरताच कान बधिर झाल्यासारखे वाटले, इतकी शांतता. एका तळ्याकाठी मी माझ्या साध्या कॅमेऱ्याने फोटो काढले. पाणी आरशासारखं. ताडाची दोन झाडं वर, दोन खाली. नसरीन काठावर बसून भजी खात होती.

"काढत नाहीस?" मी विचारलं.

"काय काढू? तू काढतेयस ना तेच दिसतंय."

मी मनात म्हटलं, झालं. सापडली.

परतीच्या एसटीला वेळ होता, म्हणून रेल्वे स्टेशनवर थांबलो. फलाटाच्या कडेला एक म्हातारी भरलेली हंडी खाली ठेवून दम खात बसली होती. नसरीन तिच्याशी गप्पा मारायला लागली, भात किती झाला, सून कुठली केली. मी अल्बमसाठी तिथल्या गाड्यांच्या वेळा लिहून घेत होते. लांबून मालगाडीची शिट्टी आली. बोलता बोलता नसरीन गप्प झाली, उठली आणि हंडीवर वाकली.

"आली, आली! आजी, हलू नका, तोंड तिथेच ठेवा!"

"अगो, काय करतंस? माझी हंडी हाय ती, तुझा आरसा न्हाय!"

मालगाडी धडधडत आली. फलाट हादरला. हंडीतल्या पाण्यात म्हातारीचं तोंड होतं, दात नसलेलं, रागावलेलं आणि हसू दाबणारं. ते तोंड डब्यांबरोबर थरथरायला लागलं, तुटलं, जुळलं, पुन्हा तुटलं. नसरीनने एकदाच खटका दाबला. गाडी गेली. पाणी निवलं.

"दाव मना," म्हातारी म्हणाली.

"आत्ता नाही दिसणार, आजी. धुवावा लागतो. मी आणून देईन."

"देतंस का न्हाय ते बघते. पाणी माझा, तोंड माझा!"

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तीच हंडी, तीच म्हातारी, तीच शिट्टी मीही ऐकली होती. माझ्या हातात कॅमेरा होता, आणि मी 'सायंकाळची पॅसेंजर, बहुधा उशिरा' असं लिहीत होते.

परतीच्या एसटीत मी खिडकीबाहेर बघत राहिले. नसरीनने दोनदा विचारलं, "बरं वाटत नाही का?" दम्याचं निमित्त सांगितलं.

शुक्रवारी जाग आली ती शांततेने. भिवंडीत शुक्रवारी वीज नसते, लूम बंद असतात. ज्यांना शहर आरामात बघायचंय त्यांनी शुक्रवारच धरावा. लोक गल्लीत खाटा टाकून बसतात, एकमेकांशी साध्या आवाजात बोलतात आणि ते त्यांना जमत नाही, मधूनच ओरडतात. नसरीनचे वडील नव्या टोपीत नमाजला निघाले, जाताना मला म्हणाले, "आज आमचं घर तुमच्या नाशिकसारखं आहे. उद्यापर्यंत भोगून घ्या!"

दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा मी पिशवीतून आत्याचा कॅमेरा काढला आणि गच्चीवर गेले. तिथे सिमेंटची उघडी टाकी आहे. पाणी अगदी स्थिर. त्यात मिनार, वाळत घातलेल्या चादरी, तारेवरची कबुतरं. मी झाकण उघडलं, काचेत डोकावले, आणि सगळं अगदी नेमकं जुळलं. हा दिवस माझा आहे, मला वाटलं. असं पाणी कसं बघायचं ते मला येतं.

"हाय अल्ला! हा कुठे लपवला होतास?"

नसरीन जिन्यात उभी होती.

"आत्याचा आहे," मी म्हणाले. तेवढंच.

"बघू?"

नाही म्हणता येईना. तिने ओढणीला हात पुसले, मग पुन्हा पुसले. काचेत वाकली. मग तिने आपला एक हात भिंगापुढे धरून हलवला आणि खुदकन हसली.

"मी इकडे नेते, हा तिकडे जातो! सुलभा, हा कॅमेराच आरसा आहे गं. पाण्यात उलटलेलं हा पुन्हा उलटवतो." ती गच्चीभर फिरली, पोटाशी कॅमेरा धरून, खाली बघत, कबुतर उजवीकडे उडालं की स्वतः डावीकडे वळत, चादरींना धडकत. खटका दाबला नाही. शेवटी टाकीपाशी येऊन तिने कॅमेरा दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला, तान्हं मूल देतात तसा.

"काढ ना एखादा," मला म्हणावंच लागलं.

"नको. फिल्म तुझी आहे. आणि शुक्रवारी मी काढतच नाही. पाणी झोपलेलं असतं, झोपलेल्याचा काय फोटो काढायचा?" मग म्हणाली, "असला असता ना माझ्याकडे, तर हंडीवर वाकायला लागलं नसतं. त्या आजीच्या तोंडावर माझ्या डोक्याची सावली आली असणार. नक्की आली असणार."

मग माझ्या गंगापूरच्या फोटोबद्दल बोलली. "तू त्या पाण्याला इतकं गप्प कसं बसवलंस गं? मला जन्मात जमणार नाही." ती मनापासून बोलत होती. बादलीला धक्का दिला असं मी लिहिलं होतं ते तिने वाचलं होतं, मागच्या फेरीत अल्बम सगळीकडे फिरून शेवटी तिच्याकडूनच आमच्याकडे परत आला होता. त्याबद्दल एक अक्षर नाही. मीच शेवटी विषय काढला.

"ते? वाचलं ना," ती म्हणाली. "अब्बांना वाचून दाखवलं. ते इतके हसले! म्हणाले, सगळे लूम बंद करून बाईला बोलवा आणि सांगा, द्या आता धक्का."

शनिवारी निघताना लूम सुरू झाले होते. ओट्यावरची बादली पुन्हा थरथरत होती. अम्मीने वाटेसाठी भाकऱ्या बांधून दिल्या. कॅमेरा पिशवीत तळाशी होता, साडीत गुंडाळलेला. मी तो परत घेऊन आले.

घरी आल्यावर रोल धुतला. शुक्रवारचा टाकीचा फोटो उत्तम आहे, या फेरीत लावला आहे, बघालच. मिनार सरळ आहे, कबुतरं मोजता येतात. कडेला, पाण्यातच, आम्हा दोघींची डोकी आली आहेत. तिने कॅमेरा परत दिल्यावर मी खटका दाबला, तेव्हा नसरीन माझ्यामागे येऊन उभी राहिली असणार. ती हसते आहे. माझं तोंड कसं आहे ते मी इथे लिहीत नाही, फोटो स्वच्छ आहे, दिसेलच.

आत्याने विचारलं, "मग?"

मी दोन दिवस मागून घेतले. कॅमेरा माझ्या टेबलावर होता. भिंगं पुसली, चामड्याच्या पट्ट्याला तेल लावलं, झाकण उघडून खोलीभर फिरून बघितलं. खिडकी, दौत, आत्याची खुर्ची. सगळं नीट बसत होतं. नीट बसत होतं आणि मला पुढे काहीच सुचत नव्हतं.

"तिला द्यायचा," तिसऱ्या दिवशी मी म्हणाले.

"का?"

"ती मालगाडीची वाट बघत होती. मी गाड्यांच्या वेळा लिहीत होते."

आत्याने मान हलवली. माझं कौतुक केलं नाही, ते बरं झालं. मला अजूनही तो हवा आहे. तिच्या हातात तो दिसेल तेव्हा मला वाईट वाटणार आहे आणि पुढच्या फेरीत तिचे फोटो आले की त्याहून वाईट वाटणार आहे. तेव्हा समासात मी काय लिहीन याची मला आत्ताच काळजी वाटते. म्हणूनच हे सगळं इथे लिहून ठेवते आहे. अल्बम आता पुण्याला जाईल, मग पुढे, आणि नसरीनकडे सर्वांत शेवटी पोचेल. तोवर तुम्ही सर्वांनी वाचलेलं असेल, मला मागे फिरता येणार नाही.

आत्या म्हणाली, कॅमेरा द्यायला शुक्रवारी जा, शांत असतं, तुला त्रास होणार नाही. पण शुक्रवारी ती फोटो काढत नाही. मी संक्रांतीनंतरच्या पहिल्या गुरुवारी सकाळच्या एसटीने निघते आहे, लूम चालू असताना पोचेन.